वाकळेसाहेबांचं मत

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी माझ्या दुकानात एक बाई आल्या. मी मोबाइलमध्ये मान घालून बसलो होतो. बाईंनी पाच लिटरच्या कुकरचा भाव विचारला. मी मान वर न करता सांगितला. झाकण आतलं की बाहेरचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दोन्ही हायत मावशी, बगा तिकडं फळीवर." बाईंनी फळीवर बघितलं, दोन झाकणं टिचकी मारून वाजवून पाहिली, 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या.

ती माझी बायको होती.

हे मला संध्याकाळी कळलं, आणि तेही लेखी. वाकळेसाहेबांनी गल्ल्यावर एक फुलस्केप कागद ठेवला. वर अधोरेखित अक्षरांत 'गुप्त ग्राहक : अहवाल' असं लिहिलेलं. खाली मुद्दे. एक, दुकानदार जागा होता. दोन, दुकानदाराने ग्राहकाकडे पाहिले नाही. तीन, दुकानदाराने सव्वीस वर्षे संसार केलेल्या पत्नीस मावशी असे संबोधले. त्याखाली आमच्या सुनीताबाईंची सही, बँकेत करतात तशी, पूर्ण नावानिशी.

मी कागदावरून मान वर केली तेव्हा साहेब शांतपणे चष्मा पुसत होते.

"हे मत हाय, रमेशराव," ते म्हणाले, "तक्रार न्हाई. तक्रारीला पंचनामा लागतो."

घरी गेलो तर बायको भांडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. तिनं नेहमीसारखं ताट वाढलं आणि भाकरी टाकताना विचारलं, "अजून एक देऊ का दादा?" पुढचे चार दिवस मी त्या घरात दादा म्हणूनच जेवलो.

आता हे वाकळेसाहेब कोण, ते सांगतो. जिंतुरात बसस्टँडकडून येणाऱ्या आमच्या गल्लीत माझं भांड्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गल्लीच्या टोकाला साहेबांचं घर. ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभ्या जिल्ह्यातल्या दुकानांचे काटे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. अंगानं काडी, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि खिशात पितळेचं पन्नास ग्रॅमचं एक वजन. ते वजन त्यांनी कधी कुठं वापरलेलं मी पाहिलं नाही. बोलता बोलता बाहेर काढतात, तळहातावर खालीवर करतात आणि परत ठेवतात. एखादा तंबाखू मळतो, तसं.

या माणसाला निवृत्तीनंतर एक कार्यक्रम सापडला. 'चला, दुकान सावरू' असं त्याचं नाव. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर लागतो. कुठल्या तरी गावातलं बुडायला आलेलं लहान दुकान घेतात. एक सूटवाला तज्ज्ञ मोटारीतून उतरतो. आधी गुपचूप एखादं गिऱ्हाईक पाठवतो, मग स्वतः जातो, मालकाला चार गोष्टी सुनावतो, मालकाच्या घरच्यांना एकत्र बसवून रडवतो, मग दुकानाला रंग देतो, नवी पाटी लावतो, आणि शेवटी सगळं गाव टाळ्या वाजवतं. कार्यक्रम संपताना खाली अक्षरं येतात, 'तुमचं मत आम्हाला कळवा.'

बाकी सगळा महाराष्ट्र ही अक्षरं आली की जेवायला उठतो. वाकळेसाहेबांनी ती शासकीय आदेशासारखी घेतली.

कार्यक्रम बघायला ते आमच्याकडे येतात. त्यांच्या घरी टीव्ही नाही असं नाही, आमच्यापेक्षा मोठा आहे. पण एकट्यानं बघितलेल्या गोष्टीला पुरावा नसतो असं त्यांचं म्हणणं. दोन पंच लागतात. ते पंच म्हणजे मी आणि सुनीता. येताना ते स्वतःचा चहा थर्मासमधून घेऊन येतात. नोकरीत असताना कुठल्या दुकानदाराकडं पाण्याचा घोट घेतला नाही आणि मी पडलो दुकानदार, त्यामुळं माझं घरही त्यांच्या लेखी दुकानातच जमा. सुरवातीला आम्हाला वाईट वाटायचं. मग सुनीतानं त्यावर उपाय काढला. त्या थर्मासमधला चहा ती तीन कपांत ओतते आणि आम्ही तिघं साहेबांचा चहा पितो. आम्ही त्यांचा चहा पिऊ नये असा काही नियम नाही. आता ते मोठा थर्मास आणतात.

चालू कार्यक्रमात त्यांचं मत सुरूच असतं. एका भागात बेकरी होती. सूटवाल्यानं ती नारिंगी रंगवली. साहेब म्हणाले, "भिंत रंगवली. भिंतीला भूक लागती का?" साडीच्या दुकानाच्या भागात मालक, मालकीण आणि दोन्ही सुना गळ्यात पडून रडल्या. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "सात मिनिटं. येवढ्यात दोन गिऱ्हाइकं फिरून गेले असतील. दुकान ही रडायची जागा न्हाई." मिठाईवाल्याच्या भागात तर ते उठून टीव्हीपाशी गेले, पडद्यावर बोट ठेवलं आणि मला जवळ बोलावलं. मागं कोपऱ्यात काटा होता, त्यावर खात्याच्या तपासणीचा, पासिंगचा शिक्का दिसत नव्हता. "ह्याला सावरायलेत," ते म्हणाले. "आधी ह्याचा काटा बगा म्हणावं." त्या बोटाचा डाग पडद्यावर अजून आहे. सुनीता पुसू देत नाही, म्हणते शासकीय शिक्का आहे, राहू द्या.

सूटवाल्याला ते 'ते पोरगं' म्हणतात. ते पोरगं पंचेचाळिशीचं तरी असेल.

सोमवारी सकाळी बरोबर दहाला ते माझ्या दुकानात येतात. दुकानाच्या दारात वडिलांच्या वेळचं एक बाकडं आहे. त्यावर बसतात आणि मला रविवारचं मत सांगतात. मी ते मोबाइलवर टाइप करून चॅनलकडं पाठवायचं. स्वतः का लिहीत नाही असं मी एकदा विचारलं होतं. सांगायचं काम अधिकाऱ्याचं, लिहायचं कारकुनाचं, असं उत्तर आलं. तेव्हापासून मी भांडी विकत विकत कारकुनी करतो. मत पाचशे अक्षरांत बसवावं लागतं. ही अट साहेबांना फार आवडली. ते एकेक शब्द असा सांगतात की जणू पारड्यात टाकतायत. मधेच थांबून विचारतात, किती झालं? मी सांगतो, तीनशे चाळीस. मग ते एखादं विशेषण काढून घेतात. प्रत्येक मताची सुरवात 'महोदय' आणि शेवट 'ही विनंती'.

मत पाठवलं की दोन मिनिटांत उत्तर येतं, 'तुमचं मत आमच्यासाठी अमूल्य आहे.' पहिल्यांदा आलं तेव्हा साहेबांनी मला झेरॉक्सच्या दुकानात पाठवून त्याची छापील प्रत काढायला लावली आणि ती आता त्यांच्या टीव्हीवर फ्रेममध्ये आहे. पुढच्या आठवड्यात तेच उत्तर तसंच्या तसं आलं. मी म्हणालो, साहेब, हे मशीन पाठवतंय. ते म्हणाले, "मशीन असंल तर चांगलंच हाय. माणूस येकदा येक म्हणतो, दुसऱ्यांदा दुसरं." त्यांचं मत टीव्हीवर कधी वाचून दाखवलं नाही. इतरांची दाखवतात, सोलापूरच्या बाईंचं, नागपूरच्या कुणाचं. ती मतं ऐकताना साहेब मान हलवतात आणि म्हणतात, "वजनात कमी हाय."

सोमवारच नाही, ते रोजच येतात. दहा ते एक. मी नमस्कार म्हणतो, ते जयभीम म्हणून बाकड्यावर टेकतात, वर्तमानपत्र उलगडतात, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला काटा कसा बघावा ते शिकवतात. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पुण्याला मुलाकडं आहेत. नातू झाला तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून गेल्या. नातू आता शाळेत जातो.

या माणसाचं आमच्या गल्लीशी असलेलं जुनं नातं सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येत नाही. ते नोकरीत होते तेव्हा परभणीहून जिंतूरच्या बसमधून उतरले की बसस्टँडवरचा पानवाला ओळखीच्या पोरांकरवी निरोप धाडायचा. निरोप त्यांच्या आधी गल्लीत पोचायचा. साहेब गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत दोन्ही बाजूंची शटरं खाली. दिवसाढवळ्या गल्ली अशी दिसायची, जसं कुणी मोठं माणूस गेलंय. मीही शटर ओढायचो. एकदा तर घाईत आतूनच ओढलं आणि दोन गिऱ्हाइकांसकट अंधारात बसलो. फटीतून दिसायचं, साहेब गल्लीतून एकटे चालत जायचे, उजवीकडं डावीकडं बघत, टोकाला लिंबाखाली बसून स्वतःचा डबा खायचे आणि परतीची बस धरायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नेमकं आमच्याच गल्लीच्या टोकाला घर घेतलं. पहिल्या सकाळी पायजमा घालून फिरायला निघाले आणि सवयीनं सगळ्या गल्लीची शटरं धडाधड खाली आली. माझंही. साहेब प्रत्येक शटरपाशी थांबत, दोन बोटांनी ठोकत आणि आत तोंड करून सांगत पुढं जात होते, "मी रिटायर झालोय." माझ्या शटरपाशी आले तेव्हा मी आत श्वास रोखून होतो. "रमेशराव," ते म्हणाले, "आत हाव का? मी रिटायर झालोय. उघडा आता." मी उघडलं. त्यांनी बाकड्याकडं बघितलं. मी बसा म्हणालो. त्याशिवाय दुसरं काय म्हणणार? ते बसले, ते आजतागायत.

आता मूळ गोष्ट. माझं दुकान चालत नाही. हे सांगायला लाज वाटण्याचं वय गेलं. पूर्वी लग्नाच्या मोसमात चारठाण्याकडनं, आजूबाजूच्या खेड्यांतनं घरंच्या घरं यायची. तांब्या, परात, घागर, हंडा असं सगळं वजनावर घ्यायचे आणि वर प्रत्येक भांड्यावर नाव घालून मागायचे, मामाकडून, आत्याकडून. नाव घालायच्या मशीनची घरघर दिवसभर बंद व्हायची नाही. आता मामा पाकीट देतो आणि आत्या मोबाइलवरून मिक्सर मागवते. मुलगी नोकरीला लागली, ती फोनवर म्हणते, बाबा आता गुडघे दुखवून घेऊ नका. अशात मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा भाड्यानं मागायला आला. पोरगा हुशार. म्हणाला, काका, संक्रांत होऊ द्या, मग लगेचच्या गुरुवारी कागद करू. मी हो म्हणालो. मला खरं सांगायचं तर हलकंच वाटलं.

ही बातमी मी साहेबांना बाकड्यावर सांगितली. त्यांनी वर्तमानपत्र घडी केलं, खिशातलं वजन तळहातावर घेतलं आणि बराच वेळ ते वरखाली केलं.

"बंद करायची गरज न्हाई," ते म्हणाले. "सावरू."

मी म्हणालो, साहेब, गरज हाय. ते ऐकायच्या पलीकडं गेले होते. त्यांच्या मते त्या पोरग्यानं टीव्हीवर इतक्या दुकानांचं वाटोळं केलं होतं की एक तरी दुकान बरोबर पद्धतीनं सावरून दाखवणं ही त्यांची जिम्मेदारी होती. संक्रांतीपर्यंत मुदत. गुप्त ग्राहक ही त्यातली पहिली पायरी. तिचा निकाल वर दिलाच आहे.

दुसरी पायरी म्हणजे काटा. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझा काटा त्यांना कधी तपासायला मिळाला नव्हता, कारण शटर; आणि निवृत्तीनंतर अधिकार नाही म्हणून त्यांनीच हात लावला नव्हता. आता मी स्वतः पुढं सरकवला. त्यांनी हात धुतले, घरून प्रमाण वजनांची लाकडी पेटी आणली, फुंकर मारून पारडं साफ केलं. एकेक वजन ठेवत गेले, कागदावर लिहीत गेले. मी उगीच इकडंतिकडं बघत होतो. मला वाटलं, आता या वयात अब्रू जाणार.

त्यांनी चष्मा काढला. "रमेशराव, हा काटा कधीपासून हाय?"

वडिलांच्या नंतर घेतला, मी म्हणालो. पंधराएक वर्षं झाली असतील.

"किलोला वीस ग्रॅम कमी दाखवायलाय. म्हंजी तुमी दर किलोमागं गिऱ्हाइकाला वीस ग्रॅम जास्त द्यायलाव. पंधरा वर्षांपासून."

मी खाली बसलो. साहेब लांब कुठंतरी बघत म्हणाले, "येक डाव उघडलं असतं शटर, तर तवाच सांगितलं असतं." मग कर्तव्याला चुकायचं नाही म्हणून, "कायद्यानं हा पण गुन्हाच हाय, बरं का. कमी असो की जास्त."

ही गोष्ट सुनीताला कळली तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. निरीक्षकाच्या भीतीनं आयुष्यभर शटर ओढणारा आणि आत बसून स्वतःलाच लुबाडणारा नवरा तिला कुठल्या कार्यक्रमात बघायला मिळाला नव्हता.

काटा दुरुस्त करून, शिक्का मारून आणला, मग तिसरी पायरी पाटी. पाटीला साहेबांचा विरोध नव्हता, पाटीवरच्या मजकुराला होता. त्यांनी स्वतः रंगाऱ्याकडून लिहून आणली आणि दारावर लावली. 'येथे वजन स्वतः बघून घ्यावे. विश्वास ठेवू नये.' मी दोन दिवस त्या पाटीखाली बसलो. येणारं माणूस पाटी वाचायचं, मग माझं तोंड वाचायचं, आणि पुढं जायचं. एका बाईनं तर आपल्या सासूला सांगितलेलं मी ऐकलं, "चला आत्याबाई, इथं तर लिहूनच ठेवलंय."

चौथ्या पायरीवर मात्र माझं डोकं फिरलं. संक्रांतीच्या अगोदरच्या शुक्रवारी चारठाण्याहून एक लग्नघर आलं. पौष संपल्यावरचं लग्न, खरेदी आताच उरकायची होती. पाच माणसं, जीप बाहेर उभी, जुन्या चालीचे लोक, सगळी भांडी पितळेची पाहिजेत आणि प्रत्येकावर नाव. असं गिऱ्हाईक कित्येक दिवसांत आलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी हंडे काढायला लागलो. तेवढ्यात साहेब बाकड्यावरून उठले. त्यांनी लग्नघराला थांबवलं, काटा बाहेर आणला, प्रमाण वजनं मांडली आणि काटा तपासायची पद्धत पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. मुलीच्या चुलत्याला त्यांनी स्वतः वजन ठेवायला लावलं. मग दुसरं. मग कोपऱ्यात ठेवून बघा, मग मध्ये ठेवून बघा. अर्ध्या तासानं तो चुलता घाम पुसत मला म्हणाला, "पाव्हणं, इथं धाड पडलीय का? आमी उगं मधी आलो का?" आणि जीप गेली.

मी साहेबांना कधी उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हणालो, साहेब, तुमी टीव्हीवरच्या पोरग्याला नावं ठेवता, पण ते निदान गिऱ्हाईक तरी हाकलत न्हाई. राहू द्या आता. मला सावरायचं न्हाई. गुरुवारी कागद व्हणार.

साहेब पेटीकडं वळले. वजनं एकेक करून फडक्यात पुसली, पेटीत बसवली, पेटीला कडी घातली. "बरं," म्हणाले. पाटी स्वतः काढून काखेत मारून गेले.

शनिवारी ते आले नाहीत. मी बाकड्याकडं दहा वाजल्यापासून चारदा बघितलं, हे मी सुनीताला सांगितलं नाही, पण तिनं बहुतेक ओळखलं. रविवारी सातला मात्र ते थर्मास घेऊन दारात हजर. पंच म्हणून आम्ही जागेवर बसलो. शुक्रवारचा विषय कुणी काढला नाही.

त्या दिवशीचं दुकान एका घड्याळवाल्याचं होतं. लहानसा खण, काचेच्या पेटीत उघडी पडलेली घड्याळं, मालक साठीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. साहेबांनी दोनदा मान पुढं करून पडद्यावर काहीतरी निरखलं. सूटवाल्यानं दुकान बघितलं, बाजार बघितला, मालकाच्या मुलाशी बोलला. मग त्यानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. त्यानं रंगाचे डबे मागवले नाहीत. मालकाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, काका, हे सावरण्यासारखं नाही, तुम्ही खूप केलंत, आता बंद करा आणि जागा भाड्यानं द्या. मालकानं भिंग काढलं आणि हो म्हणाला. कुणी रडलंही नाही.

मला वाटलं आता साहेब पडद्यावर बोट ठेवतील. मला थोडं जिंकल्यासारखंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्यांचाच कार्यक्रम माझ्या बाजूनं बोलला होता. पण साहेबांनी थर्मासचं टोपण गच्च फिरवलं, 'येतो ताई' म्हणाले आणि प्रेक्षकांची मतं सुरू व्हायच्या आधीच उठून गेले. चहा ओतायचा राहिला होता.

सोमवारी दहाला ते बाकड्यावर आले. वर्तमानपत्र नव्हतं. मी आपणहून मोबाइल काढला. म्हणालो, सांगा साहेब.

त्यांनी सांगितलं ते मी जसं टाइप केलं तसं इथं देतो.

"महोदय, कालच्या भागात तुम्ही घड्याळवाल्यास दुकान बंद करण्यास सांगितले. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या दुकानाच्या पायरीवर एक वयस्क इसम बसलेला चार वेळा दिसला. त्याच्या हातात घड्याळ नव्हते. तो ग्राहक नसावा. तुम्ही त्यास काहीच विचारले नाही. तो काही घेत नसेल, कदाचित दुकानदारास त्याचा त्रासही होत असेल. परंतु तो तिथे रोज येत असावा असे त्याच्या बसण्यावरून वाटते. दुकान बंद झाल्यावर तो इसम सकाळी दहा वाजता कुठे जाणार, हे कृपया कळवावे."

मी 'कळवावे'शी थांबलो. माझी बोटं मोबाइलवर आणि डोळे मोबाइलवर. वर बघायचं धाडस होईना. तो म्हातारा मला दिसलाच नव्हता. अख्खा भाग बघितला मी, दोन पंचांपैकी एक म्हणून.

"किती झालं?" साहेबांनी विचारलं.

"जागा हाय साहेब अजून. बरीच हाय."

त्यांनी खिशातलं वजन काढलं, तळहातावर ठेवलं, पण वरखाली केलं नाही. समोरच्या दुकानाकडं बघत राहिले.

"असू द्या," ते म्हणाले. "तेवढं बास हाय. पाठवा."

मी पाठवलं म्हणालो. पाठवलं नव्हतं. चॅनलकडनं दोन मिनिटांत तेच एक उत्तर आलं असतं आणि त्या दिवशी ते मला त्यांना वाचून दाखवायचं नव्हतं. साहेबांनी उत्तराची वाटही बघितली नाही. एकपर्यंत बसले. दोन गिऱ्हाइकं आली, एकालाही त्यांनी काट्याविषयी काही सांगितलं नाही, तर मीच म्हणालो, बघून घ्या दादा, वजन बरोबर हाय, साहेबांनी तपासलंय. साहेबांनी मान हलवून दुजोरा दिला.

संध्याकाळी घरी सुनीता गूळ चिरत होती, तिळाच्या वड्यांसाठी. मी तिच्या समोर पाटावर बसलो आणि मोबाइलमधलं ते मत वाचून दाखवलं, 'महोदय'पासून. ती विळी थांबवून ऐकत होती. संपल्यावर तिनं परत वाचा म्हणून सांगितलं. मी परत वाचलं. मग तिनं हाताला लागलेला गूळ परातीच्या काठावर निरपला आणि म्हणाली, "त्या कव्हरवाल्या पोराला फोन लावा. म्हणावं, दुकान खाली न्हाई, आमचं माणूस बसतंय तिथं."